आप्पांच्या दाढेचा पुरावा

आमच्या घरात आप्पांच्या दाढेवर बैठक बसली, तेव्हा बोलायची बंदी फक्त आप्पांना होती. कारण दाढ त्यांची होती, तोंड उघडं होतं आणि नानांनी आत मोबाईलची बॅटरी धरली होती.

आप्पा म्हणजे माझे वडील. दिवसा ते उसाला पाणी धरतात आणि एप्रिल आला, जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले, की भीमगीतं गातात. वरचा सूर लावताना ते तोंड इतकं उघडतात, की पहिल्या रांगेतल्या माणसाला त्यांनी दुपारी काय खाल्लं ते सांगता यावं! मागच्या कार्यक्रमात असाच सूर ओढताना वारा किडलेल्या दाढेला लागला. कळ थेट डोक्यात गेली. आप्पा मधेच थांबले, डोळे पाण्यानं भरले. लोकांना वाटलं, गायक गहिवरला. टाळ्या थांबेनात.

"लई आतनं गातो ह्यो माणूस," माझ्या शेजारचे एक आजोबा म्हणाले.

(आतूनच होतं ते. खालून, उजवीकडून, मागच्या कुठल्यातरी दाढेतून.)

पण आता कासुर्डी गावच्या जयंतीचं आमंत्रण आलं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत एखाद-दुसरं गाणं गायल्यावर पहिल्यांदाच फ्लेक्सवर 'मुख्य गायक' म्हणून आप्पांचा फोटो लागणार होता. दर कडव्याला गहिवरून चालणार नव्हतं. दाढ भरायचीच असं ठरलं. प्रश्न एवढाच होता की पांढरं सिमेंट भरायचं की चांदी?

"चांदी," नाना म्हणाले. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. शिक्रापूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत आणि आप्पांच्या गाण्याला ढोलकी वाजवतात. "मेटल ते मेटल! आमच्यात असला पांढरा पार्ट आला की मी डायरेक्ट रिजेक्ट करतो."

"आन् सूर लावल्यावर त्वांडात आरसा बसवल्यागत दिसंल, त्ये?" आई म्हणाली. "माणसं गाणं ऐकतील का दाढ बघतील?"

"आ आ आँ," आप्पा म्हणाले.

"तुम्ही गप बसा. बॅटरी हालतीया," नाना म्हणाले, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी दौंडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज आतून पाहिलेला घरातला पहिलाच. त्यामुळे उसावरच्या मावा-किडीपासून मिक्सरच्या आवाजापर्यंत सगळ्या बाबतीत शेवटचा शब्द माझा असतो. मला कित्येकदा 'मला माहीत नाही' असं म्हणावंसं वाटतं. पण आप्पा अशा काही विश्वासानं बघतात की मी काहीतरी सांगून मोकळा होतो.

मी आठवडाभर मोबाईलवर वाचलं. रात्री जेवताना म्हणालो, "चांदी म्हणतात, पण त्यात पारासुद्धा असतो."

आईच्या हातातली भाकरी परातीत पडली. "पारा? त्यो ताप मोजायचा?"

"तसा नाही गं, दुसऱ्या धातूंत मिसळून घट्ट बसलेला असतो. माणसं वर्षानुवर्षं वापरतात. चांदी टिकते चांगली, पण पूर्ण कडक व्हायला एक दिवस जातो. पांढरं मात्र निळ्या दिव्याखाली तिथल्या तिथं कडक होतं. लगेच खाता येतं."

"मग गाताबी यील?" आप्पांनी विचारलं.

"का नाही येणार?" मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

नानांना सुट्टी नेमकी कार्यक्रमाच्याच दिवशी होती. ढोलकी, पेटी आणि घरचे असे सगळे त्यांच्या छोट्या टेम्पोतून जाणार. वाटेत चौफुल्याला दातांचा दवाखाना. तिथं दुपारी उशिराची वेळ मिळाली. जाता जाता दाढ भरायची, संध्याकाळी गायचं! माझ्या नियोजनात एकही भोक नव्हतं. (जे होतं ते दाढेत.)

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी विचारलं, "पांढरं की सिल्व्हर?" मी उभा राहून उत्तर द्यायला लागलो. पारा सांगितला, निळा दिवा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"छान. तुम्हीच भरताय, की मी भरू?"

मी बसलो. मग त्या "सुई दिल्यावर थोडा वेळ..." असं काहीतरी सांगू लागल्या, तेवढ्यात माझी पुढची शंका तयार होती. "मॅडम, निळ्या दिव्याची तरंगलांबी किती असते हो?" सुईबद्दलचं सांगणं तिथंच राहिलं.

मॅडमनी दातांच्या रंगाचे नमुने आप्पांच्या दाढेला लावून पाहिले आणि एक निवडला.

"ह्ये तर पिवळं हाय!" आई म्हणाली. "आपलं पांढरं ठरलं व्हतं."

"बाई, पांढरं भरलं तर उठून दिसेल. यांच्या दाताला हाच रंग जुळतो."

आईनं आप्पांकडे असं पाहिलं, की आप्पांनी त्या क्षणी दिवसातले निम्मे चहा मनातल्या मनात सोडले असावेत. काम मात्र सुंदर झालं. नानांनी बॅटरी लावून सगळ्या बाजूंनी तपासलं आणि म्हणाले, "ओके पीस."

आप्पा खुर्चीतून उठले, गालावर हात फिरवला आणि म्हणाले, "माघा गाय कुयंय?"

म्हणजे, माझा गाल कुठंय? सुईनं अर्धी जीभ, अर्धा ओठ, अर्धा जबडा सगळं झोपलं होतं.

"दोन-तीन तासांत उतरेल," मॅडम म्हणाल्या. "मी सांगतच होते."

कार्यक्रम तासाभरावर होता! यवतपर्यंत आईनं आप्पांचा गाल चोळला. नानांनी गाडी चालवता चालवता चिमटे काढायला सांगितले. मी पाणी दिलं. ते एका बाजूनं आत गेलं आणि दुसऱ्या बाजूनं सदऱ्यावर आलं.

"बरं झालं शास्त्रज्ञ घरात हाय," नाना म्हणाले. "न्हाईतर आपण अडाण्यांनी आदल्या दिशी भरून आणली असती दाढ."

कासुर्डीत मंडळाचे अध्यक्ष हार घेऊनच उभे होते. "जय भीम, आप्पा!"

"झय्य ईम्म," आप्पा म्हणाले. अर्धेच हसले, आणि ओठाच्या कडेनं एक धार गळली.

अध्यक्षांचा हार खाली आला. त्यांनी मला बाजूला घेतलं. "पोरा, खरं सांग. आप्पांनी घेतली का?"

"हो मामा," मी प्रामाणिकपणे म्हणालो. "पण एकच. येताना, चौफुल्याला."

"आन् पहिलं गाणं कुठलं हाय?"

"दारूबंदीचं."

अध्यक्ष खुर्चीवर बसले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "मामा, सुई! सुई घेतली! दाढ भरलीय त्यांची!"

"दाखव."

आप्पांनी तोंड उघडलं. अध्यक्षांनी बॅटरी लावली. "कुठंय?"

"ही. नाही... ही. थांबा हं."

मला सापडेना! मॅडमनी रंग असा जुळवला होता की सगळ्या दाढा सख्ख्या बहिणींसारख्या दिसत होत्या. आप्पा बोटानं दाखवायला गेले, तर बोट बधिर बाजूला नेमकं कुठं लागतंय तेच त्यांना कळेना.

"तरी म्हणत व्हतो, चांदी भरा!" नाना ओरडले. "आता कशी चमाकली असती!"

अध्यक्ष आणखी जवळ वाकले, हुंगले आणि झटकन मागं झाले. "वास तर येतोय की!"

"औषधाचा आहे," मी म्हणालो.

"सगळी तसंच म्हणत्यात."

आप्पांनी मान खाली घातली. दारूच्या पायी घरं बसलेली पाहिली म्हणून त्यांनी ते गाणं स्वतः रचलं होतं. आता स्टेजवर फोटो त्यांचा होता आणि ते खाली, हाताच्या पंजानं लाळ पुसत उभे होते. आई पुढं झाली.

"मामा, ह्या माणसानं लगीन झाल्यापास्नं थेंब घेतला न्हाई. घेतली असती तर मी हितं हार बघत हुबी ऱ्हायले असते व्हय? दोन तास द्या. बोलले न्हाईत नीट, तर पोस्टर काढून टाका. तवर माझं पोरगं गाईल."

"कोण?" मी विचारलं.

मी आयुष्यात माईकसमोर कधी उभा राहिलो नव्हतो. वर्गात 'प्रेझेंट सर' म्हणतानाही माझा आवाज फाटतो. आप्पांनी माझा हात घट्ट धरला. "ओंड उघयून गा," ते म्हणाले. लहानपणापासून हे एकच सांगत आलेत, म्हणून कळलं. तोंड उघडून गा.

मी उघडलं. दुसरं कडवं पहिल्यांदा आलं, पहिलं आलंच नाही. नानांची ढोलकी पुढं पळाली, मी मागून हाका मारत गेलो. पहिल्या रांगेतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. एका आजोबांनी टाळी वाजवली. मला धीर आला. मग दिसलं, ते डास मारत होते. पण मी तोंड मिटलं नाही. तेच गाणं, त्यानंतर मला येत होती तेवढी सगळी गाणी, आणि मग पुन्हा तेच गाणं.

शेवटी मागून आवाज आला, "हॅलो, हॅलो." स्वच्छ! आप्पा उठले होते आणि त्यांचा गालही.

त्यांनी वरचा सूर लावला. मी डोळे मिटून कळेची वाट पाहत राहिलो. ती आलीच नाही. सूर शेतावरून हायवेपर्यंत गेला असेल. अध्यक्षांनी हार घातला, गळ्यात पडून रडले आणि माईकवर जाहीर केलं, "आप्पा पिलेले नव्हते!" (तोवर हे लोकांच्या डोक्यातही नव्हतं. आता सगळ्या कासुर्डीच्या डोक्यात आहे.)

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मोबाईलवर कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहिला. नानांनी आप्पांचं तोंड मोठं करून पाहिलं, पण भरलेली दाढ काही सापडली नाही. मग माझं गाणं लागलं. नानांनी माझंही तोंड मोठं केलं आणि थांबले.

"वहिनी, ह्ये काळं काय हाय?"

आता मी भिंतीला टेकून आ वासून बसलोय. नानांनी आत बॅटरी धरलीय. आई म्हणते, पोरगं कॉलेजात जातंय, पांढरंच भरा. नाना म्हणतात, चांदीच, उद्या कुणी पिलाय म्हणलं तर पोराकडं पुरावा नको? आप्पा दोघांनाही सांगतायत, भांडू नका, आपल्या घरात यातला शिकलेला माणूस आहे, त्यालाच विचारू. आणि तो माणूस गेला पाऊण तास "आ आ आँ" एवढंच म्हणतोय.