एका खटक्याचा शोध

मी शिकवते त्या शाळेत प्रार्थना चालू असतानाच मामीचा फोन आला. "सुमे, मामा उठंनात गं..." एवढंच बोलली. मी रिक्षानं पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. आता दीड महिना होईल त्याला.

माझे दत्तूमामा सोलापुरातल्या एका कापडगिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी हवेच्या दाबावर चालणाऱ्या छऱ्याच्या जुन्या बंदुका दुरुस्त करायला सुरुवात केली. ज्यांचे सुटे भाग कुठंच मिळत नाहीत, अशा बंदुकांवर त्यांचा विशेष जीव. भंगारबाजार पालथा घालायचे, चपलांच्या कारागिराकडून, आतली हवा अडवणाऱ्या वॉशरसाठी कातडं आणायचे. पान्हे, कानशी या हत्यारांना मात्र दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे.

गेल्या वर्षी मैंदर्गीहून शिवप्पा नावाचे शेतकरी आले. पोत्यात गुंडाळलेली परदेशी बंदूक त्यांनी टेबलावर ठेवली. "पोराची हाय. पोरगं अपघातात गेलं... एकदा वाजू द्या की." आतला, पिस्टन अडवून धरणारा बोटाच्या पेराएवढा पोलादी खटका मोडला होता. तसाच दुसरा बघितल्याशिवाय नवा घडवणं शक्य नव्हतं. मामा आठ महिने शोधत राहिले. फोन झाले, सांगोल्याचा बाजार झाला... त्याच काळात त्यांचे हात थरथरायला लागले. चहा बशीत सांडायचा. आम्ही बघितलंच नाही असं दाखवायचो.

शेवटी कळलं, अकलूजच्या इंदूताईंकडे तशीच बंदूक आहे. मामा आणि मी एसटीनं गेलो. "विकणार न्हाय मी," ताई दारातच म्हणाल्या, "आमच्या मालकांची हाय ती. ते गेले, तेवढी ऱ्हायलीय."

"विकू नका ताई. उघडून मापं घेतो, होती तशी जोडून देतो."

ताईंनी बंदूक आणली आणि समोरच बसल्या. अशी बंदूक उघडताना आतली स्प्रिंग दाबून धरावी लागते; निसटली तर तोंडावर बसते. मामांनी दोनदा प्रयत्न केला. पान्हा नुसता खडखडत राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सुमे, तू कर."

"मला नाही येत, मामा."

"मी सांगतो की. घाई करू नको."

ते सांगत गेले, मी करत गेले. खटका तळहातावर आला तेव्हा मला आनंदानं हसू फुटलं. वळून बघितलं तर मामा खिडकीबाहेर बघत होते. परतीच्या एसटीत आपण त्यांचं काहीतरी काढून घेतलं, असं मला वाटत राहिलं...

लेथवर खटका घडवून घेतला, तोही मीच बसवला. शिवप्पांनी अंगणात बंदूक आभाळाकडं धरली आणि एकदाच चाप ओढला. आवाज झाला तसे ते बंदूक मांडीवर घेऊन खाली बसले. मामा त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

मामांच्या माघारी खण आवरताना एक पुडी सापडली. वर लिहिलं होतं, 'अकलूज'. आत कातड्याचं नवं वॉशर. ताईंच्या बंदुकीतलं वाळून गेलेलं त्यांनी त्या दिवशी पाहिलं असणार आणि घरी कुणी नसताना हे कापलं असणार.

गेल्या रविवारी मी एकटीच अकलूजला गेले. "दादा मागं ऱ्हायले व्हय?" ताईंनी रस्त्याकडं बघत विचारलं. मी सांगितलं. मग पुडी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी आतलं वॉशर हातात घेतलं. त्याची कडा वेडीवाकडी होती, जागोजागी सुरी घसरलेली.

"दुसरं नीट कापून आणते," मी म्हणाले. "ह्यातनं हवा निसटंल, ताई."

"निसटू दे की," त्या म्हणाल्या. "हेच बसव."