झिनोवियाच्या फिती

आमच्या गावात जे जपायचं ते तळघरात जातं. वाइन जाते, खारवलेला कोबी जातो. लढाईत चर्चची घंटाही तिथेच लपवली होती. चुनखडीत खोदलेल्या त्या तळघराची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून झिनोविया रोतारूची गोष्ट मीच सांगावी.

झिनोविया इस्पितळातले संगणक सांभाळते. ताठ मानेची बाई, पण कडी लावली तरी पुन्हा ओढून पाहणारी. शेजारच्या शहरात चोरांनी तारेवरून शिरून इस्पितळाची सगळी माहिती कुलूपबंद केली, तेव्हापासून तिची झोप उडाली. त्यातच आमच्या इस्पितळाच्या संगणकांत माहिती साठवायची जागा भरत आली.

मोठे डॉक्टर गेर्वास म्हणाले, "डिस्कची दोन कपाटं घेऊ. एकावर लिहिलं की दुसऱ्यावर आपोआप उतरतं."

"मग चोरही आपोआप उतरेल, साहेब."

"तर परदेशात जागा भाड्याने घे."

"तिथे जायलाही तारच ना? रोजच्या कामाला डिस्क हवीच. पण एक नक्कल चुंबकी फितीवर हवी. काढून डब्यात बंद केलेली, लांब ठेवलेली."

"फीत! अगं, लग्नातली गाणी भरणार आहेस का?" डॉक्टर हसले, पण मानले. लांब म्हणजे कुठे, हे कुणी विचारलंच नाही. तळघर! मीही छाती फुगवून तळाचं फडताळ रिकामं केलं.

द्राक्षांची तोडणी झाली आणि एका दुपारी चोर आमच्याकडेही शिरले; इस्पितळातल्या संगणकांचे सगळे पडदे काळे पडले. झिनोविया धावत आली. ओठ पांढरे.

"काका, किल्ली द्या. कुणाला कुठलं औषध बाधतं, कुणाचं रक्त कुठलं, सगळं गेलं!"

खाली पिंपांत रस फसफसत होता. त्या दिवसांत त्यातून निघणारी जड हवा तळाशी साचते. माणूस पायरीवर टेकतो, तो पुन्हा उठत नाही. म्हणून आम्ही मेणबत्ती पुढे धरून उतरतो. निम्म्या जिन्यात माझी ज्योत निळी झाली, वाकली, विझली.

झिनोविया मला ओलांडून निघाली. मी तिची शाल धरली.

"सोडा! श्वास कोंडून जाते."

"असं म्हणणारे दोघे दफनभूमीत झोपलेत, पोरी."

वर येऊन आम्ही सगळे झरोके उघडले, दारात मोठा पंखा लावला. वाट पाहण्याशिवाय काही उरलं नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला. परिचारिका विचारत होती, "पँतेलिमोनआजोबांचा ताप वाढतोय. नोंद मिळाली का? सुई देऊ का?"

"अजून नाही. नको देऊ, बाधली तर?"

"आणि न देऊन गेले तर?"

फोनमधून आजोबांचं कण्हणं मलाही ऐकू येत होतं, आणि काळ्या दाराकडे पाहताना मला प्रथमच माझ्या तळघराची भीती वाटली.

पुन्हा पुन्हा मेणबत्ती उतरवली. अखेर ती तळाशी जळत राहिली. डबा छातीशी धरून झिनोविया पळाली. नव्या यंत्रावर फीत फिरली, आणि एकेक नाव उजळू लागलं. आजोबांना ते औषध बाधत नव्हतं. तापात ते उगाच तळमळले होते. वाचले, पण झिनोवियाला अजून ते कण्हणं ऐकू येतं.

आता फिती तिच्या घरच्या पाहुण्यांच्या खोलीत असतात, कुलपी पेटीत, लग्नाच्या गालिच्यांखाली. त्या कोरड्या खोलीत एरवी कुणी बसत नाही. तिथली हवा कधीच वाईट नसते. तरीही शरद ऋतूत ती दार उघडते, ते मेणबत्ती पुढे धरूनच.