भरवणाऱ्याला विचार

वॉर्डात सगळे त्यांना 'झोपवणाऱ्या बाई' म्हणायचे. सर्जनचं नाव पेशंट जन्मभर सांगत फिरतो. भूल कुणी दिली, हे कोण विचारतंय? बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. "झोपवायला काय, अंगाईसुद्धा पुरते," त्या शिकाऊ डॉक्टरणीला खडसावायच्या, "उठवायला अक्कल लागते!"

त्यांना घडवलं एका खडूस सरांनी. सहा महिने नुसती पेशंटची हनुवटी धरायला लावली, बोटं बधिर होईपर्यंत. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं, की खेळ खलास. म्हणून सर बजावायचे, "उपाशी आहेस का, हे पेशंटला विचारू नकोस. भरवणाऱ्याला विचार." बाईंनी वीस वर्षं हा नियम पाळला. आणि एके दिवशी नेमकी माशी शिंकली.

सहा वर्षांच्या पोरीचं हर्नियाचं साधं ऑपरेशन. वेळ सकाळी नऊची, पण मध्येच अपघाताची केस आली आणि एक वाजला. "पाणीसुद्धा नाही हो दिलं," आई म्हणाली. बिचारी खरंच बोलत होती. बाकावर पोरीचे आजोबा बसले होते. बाई त्यांच्याकडे वळणार, तोच सर्जननं हाक मारली. बाई आत गेल्या.

भूल चढली आणि पोरीच्या घशातून बिस्किटाचा लगदा वर आला. बाईंनी नळीनं खेचला, जिवाचं रान केलं. चार दिवस त्या घरी गेल्या नाहीत. पाचव्या दिवशी पोर गेली.

आजोबांनी बाईंना जिन्यात गाठलं. खिशातून बिस्किटांचा अर्धा पुडा काढला.

"भुकेनं रडत होती हो. दोनच दिली. त्यानं तर नाही ना...?"

आता सांगा, म्हाताऱ्यानं काय पाप केलं? बाईंच्या मागे शिकाऊ डॉक्टरण उभी होती; तिनं तो लगदा पाहिला होता. आजोबांचं हे बोलणं उद्याच्या चौकशीत सांगितलं, की बाईंची नोकरी वाचणार होती.

"नाही, आजोबा," बाई म्हणाल्या. "बिस्किटानं काही झालं नाही. चूक माझी झाली."

"नक्की?"

"नक्की."

आजोबांनी पुडा खिशात ठेवला. मग एकदम बाईंच्या अंगावर ओरडले, "म्हणजे तुम्ही मारलंत माझ्या नातीला!"

डॉक्टरण तोंड उघडणार, तोच बाईंनी तिचा हात घट्ट दाबला.

"हो," बाई म्हणाल्या.