सिमेंटच्या बैलांचं जू

राज्य नवं झालं तसे दिग्रसच्या व्यापाऱ्यांना कलेचे उमाळे येऊ लागले. कापूस बाजाराच्या फाटकापाशी बैलजोडीचा पुतळा उभारायचं ठरलं आणि त्यासाठी सुशोभन कमिटी निघाली. जन्मात बैलाला वैरण न टाकलेली माणसं सगळी. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून मलाही एक खुर्ची मिळाली; बोलायला नव्हे, कोरम भरायला.

शिल्पकार गावातच होता. फाळणीत पूर्व बंगालातून उठून आलेला, दुकानांच्या पाट्या रंगवत आणि गणपती करत इथं टेकलेला. कागदोपत्री अजून ‘निर्वासित’. त्याची अट एकच: चौथऱ्यावर माझं नाव कोरा आणि पुढे ‘राहणार दिग्रस’ लिहा. कमिटीने हो म्हटलं. हो म्हणायला त्यांचं काय जात होतं?

त्याने मातीचा लहान नमुना आणला आणि विचारलं, मानेवर जू ठेवू की नको?

अध्यक्ष कापसाच्या जिनचे मालक. पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले, “जू पाह्यजेच. नाही तर बैल रिकामटेकडे दिसतात.”

मी म्हटलं, उद्घाटन पोळ्याला आहे, एखाद्या शेतकऱ्याला विचारा. सगळे हसले. शेतकऱ्याला विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे.

पोळ्याला पडदा सरला आणि बैलांच्या मानेवर जू दिसलं. वर्षातून ज्या एका दिवशी कोणी बैल जुंपत नाही, नेमक्या त्या दिवशी! पोळा भरतो त्या तोरणाकडे निघालेले शेतकरी बैल घेऊन तिथूनच वळले. अध्यक्षांनी लगेच अंग काढून घेतलं. “बाहेरचा मानूस आहे, त्याले आपल्या रीती काय समजनार?” कमिटीने माना डोलावल्या. जू खरं तर त्या मानांवर शोभलं असतं.

दुसऱ्या दिवशी शिल्पकार छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि त्याने जू फोडून काढलं. माना खरबडीत झाल्या. पुतळा विद्रूप केला म्हणून कमिटीने त्याचं नाव वगळलं आणि स्वतःची मात्र ठसठशीत कोरून घेतली. नावं कसली, निर्लज्जपणाच तो!

वर्षभर तो कुढत राहिला. पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी ट्रंक उचलून कायमचा निघाला. मी त्याला पोचवायला गेलो. एस.टी.ची वाट बाजारावरूनच जात होती.

जवळच्या बंजारा तांड्याचा म्हातारा नायक चौथऱ्यावर उभा होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरच्या बैलांचे खांदे चोळतात, तसं तो त्या सिमेंटच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत होता. “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,” तो बैलांना म्हणाला. मग अध्यक्षांच्या कोरीव नावात पायाची बोटं रोवून खाली उतरला. तेवढाच त्या नावाचा उपयोग.

हळदीच्या हातानेच त्याने ट्रंकेची कडी धरली. “तुमीबी या जेवाले. चालले कुठं? पोळ्याले गावचा मानूस गाव सोडून जाते का?”

शिल्पकाराने ट्रंक खाली ठेवली आणि तो तिच्यावरच बसून रडला. एस.टी. त्याच्याशिवाय गेली.