तासवाल्या सरांची पोकरची पुस्तकं

पुस्तक हातात आलं की आमचे तासवाले सर आधी त्यातला हरलेला डाव शोधायचे. मुखपृष्ठ बघायचे नाहीत, लेखकाने किती स्पर्धा जिंकल्या ते वाचायचे नाहीत. उभ्या उभ्या पानं चाळत जायचे, आणि लेखक स्वतः खेळून हरला असा एखादा डाव सापडला की खुर्ची ओढून बसायचे. नाही सापडला तर पुस्तक माझ्या टेबलावर परत. "मॅडम, हा माणूस आपल्याला काही शिकवणार नाही," एवढंच म्हणायचे.

ही पुस्तकं पोकरची होती, आणि हे सगळं सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात चालायचं. मी तिथली ग्रंथपाल. सर संख्याशास्त्र शिकवायचे, पण कायम नेमणुकीवर नव्हे, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्यापुरते प्राध्यापक. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना तासवाले सर म्हणत. सुरुवातीला त्या नावात हिणवणं होतं, मग नुसती सवय उरली, आणि शेवटी शेवटी तर ते स्वतःच फोन उचलून "तासवाला बोलतोय" म्हणू लागले होते.

रोज ते वैरागहून सकाळच्या एसटीने यायचे. एक तास दहाला, दुसरा दुपारी दोनला. मधला वेळ जायचं कुठं? स्टाफरूमच्या खुर्च्यांवर नावं लिहिलेली नव्हती, पण कुठली खुर्ची कोणाची हे पक्कं ठरलेलं होतं आणि त्यात त्यांची एकही नव्हती. म्हणून मासिकांच्या रॅकमागचं टेबल त्यांचं झालं. तिथं बसलेला माणूस दारातून दिसत नाही. मला वाटतं, त्यांना ते बरं वाटत असावं.

पहिलं पुस्तक माझ्या चुकीने आलं. संख्याशास्त्राच्या पुस्तकांची मागणी पाठवताना यादीत एक नाव मी न तपासता टाकलं. नावात 'निर्णय' आणि 'संभाव्यता' असे दोन्ही शब्द होते. पार्सल उघडलं तर आत पत्त्यांची चित्रं. विक्रेता परत घेईना आणि दाखलनोंदवहीत ते चढवायची माझी हिंमत होईना. शेवटी पदरचे पैसे भरून मी ते ठेवून घेतलं आणि सरांना म्हटलं, बघा, वर्गात गणितं घालायला उपयोग होतोय का. त्यांनी ते दोन दिवसांत संपवलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. पुढं मागवलेली पुस्तकं मग आम्ही अर्धीअर्धी वर्गणी काढून आणायचो.

पोकरचा खेळ मला त्यांनीच समजावला. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, ते फक्त त्यालाच दिसतात. मधे पाच पत्ते सगळ्यांचे, ते टप्प्याटप्प्याने उघडतात. दर टप्प्याला ठरवायचं, लावायचं की पत्ते टाकून बाहेर पडायचं. पत्त्यांचा कॅट कॉलेजात आणणं शक्य नव्हतं, म्हणून सरांनी बावन्न पत्ते स्वतःच बनवले. ग्रंथालय संगणकावर गेल्यापासून पुस्तकांच्या नोंदींची जुनी तालिका-पत्रं खोक्यात धूळ खात पडली होती. ती कापून त्यांनी एका बाजूला इस्पिक, बदाम, किल्वर, चौकट काढले. दुसऱ्या बाजूला पुस्तकांची नावं तशीच राहिली, त्यामुळे महिन्याभरात मला पाठीवरून पत्ते ओळखता यायला लागले. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पाठींवर खाकी कागद चिकटवून आणला.

अभ्यासाची त्यांची रीत फार चिकट. पुस्तकातला डाव पत्त्यांनी टेबलावर मांडायचे. लेखकाचं उत्तर दुसऱ्या कागदाने झाकून ठेवायचे. आपण काय केलं असतं आणि का, हे वहीत लिहायचे आणि मगच कागद सरकवायचे. उत्तर जुळलं तरी कारण वेगळं निघालं तर स्वतःच्या वहीवर लाल फुली. त्यांच्या वर्गातल्या मुलांची हीच तक्रार असायची की उत्तर बरोबर असूनही सर मार्क कापतात. एकदा माझी पुण्याची बहीण एका विजेत्याचं जाडजूड, चकचकीत पुस्तक घेऊन आली. सरांनी दहा मिनिटांत ते मिटलं. म्हणाले, "ह्यांना आपण का जिंकलो तेच माहीत नाही." त्याच आठवड्यात आलेलं एक वाईट छपाईचं बारकं पुस्तक मात्र त्यांनी दीड वर्ष सोडलं नाही. नवं घेऊ या का विचारलं की म्हणायचे, हे अजून माझ्या अंगात उतरलं नाही.

पैसे लावून ते कधी खेळले नाहीत. फोनवर फुकटच्या चिप्सवर खेळायचे, तेवढंच. पुढं पैशांचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद झाले तेव्हा त्यांचं काहीच अडलं नाही. मग इतकं कशासाठी, असं मी एकदा विचारलंच. त्यांनी हातातले पत्ते पिसून टेबलावर ठेवले.

"इथं माझं म्हणणं बरोबर की चूक ते पाचव्या पत्त्याला कळतं," ते म्हणाले. "कॉलेजात अकरा वर्षं झाली मॅडम, पत्ता उघडतच नाही."

त्यांचं म्हणणं मला जूनमध्ये नीट समजलं. दर जूनला त्यांची मुलाखत व्हायची, त्याच जागेसाठी, त्याच लोकांसमोर, आणि नेमकी माझ्या वाचन कक्षात, कारण तिथं पंखे बरे होते. पांढरा शर्ट घालून, फाइल मांडीवर घेऊन सर बाहेरच्या बाकावर बसायचे. अकरा वर्षं रोज दिसणाऱ्या माणसाला आत बोलावून विचारायचे, स्वतःबद्दल सांगा. आणि सर सांगायचे. नाव, गाव, शिक्षण, अनुभव, एकही शब्द न गाळता. कायम भरती निघणार, निघणार असं दरवर्षी कानावर यायचं. सोडून जावं तर अनुभवाची वर्षं तुटतील, थांबावं तर पुढचा जून. वैरागच्या बाजारात धान्य निवडून त्यांना शिकवलेली आई घरी एकटी होती, तिला टाकून जायचं नाही हेही ते बोलून दाखवत.

एक गोष्ट सांगायला मला आजही जड जाते. मूल्यांकन समिती यायच्या आदल्या आठवड्यात उपप्राचार्य ग्रंथालय तपासायला आले आणि त्यांनी माझ्या टेबलाचा खालचा कप्पा उघडला. आत पाच पुस्तकं, सरांची वही आणि ते बावन्न पत्ते. ग्रंथालयात जुगार चालतो का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ही पुस्तकं ग्रंथालयाची नाहीत. ते खरंच होतं. पण ती कशी आली, पहिलं कोणी मागवलं, मी स्वतः त्या पत्त्यांनी किती दुपारी खेळले, यातलं काही मी बोलले नाही. रॅकमागून सर उठून आले आणि सगळं माझं आहे म्हणाले. त्यांना लेखी माफी द्यावी लागली. जूनच्या मुलाखतीला तो कागद फाइलला लावलेला होता. तरी त्यांना पुन्हा घेतलं, कारण इतके तास इतक्या नीट घेणारा दुसरा कोणी मिळणार नव्हता. सरांनी त्या दिवसाबद्दल मला एका शब्दाने विचारलं नाही. चार दिवसांनी येऊन पुस्तकं आता कुठं ठेवायची, एवढंच विचारलं.

मग आमचा शेवटचा डाव झाला. चिप्स म्हणून आम्ही बॅगा ठेवायच्या खिडकीवरचे जुने पितळी बिल्ले वापरायचो. माझ्या हातात दोन राण्या आल्या. मधे पहिल्याच टप्प्याला एक्का पडला, आणि सर ज्या शांतपणे लावत होते त्यावरून त्यांच्याकडे दुसरा एक्का आहे, म्हणजे माझ्या राण्या हरणार, हे मला कळलं होतं. तरी मी लावत गेले. पाचवा पत्ता उघडल्यावरही लावले. त्यांनी एक्का दाखवला आणि बाहेर का पडला नाहीत असं विचारलं. मी म्हणाले, एवढे टाकलेत, आता कसे सोडायचे?

"मधला ढीग किती आहे ते बघा," ते म्हणाले, "पण त्यात आपले किती गेले ते विसरा. गेलेले आता तुमचे नाहीत. हातात उरलेत तेवढेच तुमचे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तुमची अकरा वर्षं?"

सरांनी बिल्ले गोळा केले, रांगेत लावले, पुन्हा मोडले. "या बिल्ल्यांना आई नसते, मॅडम," ते म्हणाले आणि दोनच्या तासाला निघून गेले. तास सुरू व्हायला अजून वीस मिनिटं होती.

त्यानंतर दोन आठवडे ते ग्रंथालयात आले नाहीत. कॅन्टीनमागच्या कट्ट्यावर उन्हात बसायचे. मी दोनदा तिथवर गेले आणि परत फिरले. ज्या बाईने त्यांच्या बाजूने तोंड उघडलं नव्हतं, तिने त्यांना धैर्य शिकवावं हे मलाच खटकत होतं. पुढच्या जूनमध्ये मी वाचन कक्ष झाडून घेतला, खुर्च्या मांडल्या. मुलाखत घेणाऱ्यांनी त्यांचं नाव तीनदा पुकारलं. बाकावर कोणी नव्हतं. हैदराबादला एका विमा कंपनीत आकडे तपासायचं काम त्यांनी धरलं होतं. मला संध्याकाळी निरोप आला, दोन ओळींचा.

वर्ष सरायच्या आत कायम भरतीची जाहिरात निघाली आणि ती जागा भरली गेली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्यांनी पाठ फिरवल्यावर आलं, आणि पाठ फिरवायला लावलं मी. फोन करून हे सांगायचं माझ्याने झालं नाही. आईला न्यायला ते आले तेव्हा मी सोलापूरच्या बसस्टँडवर गेले, ते सांगायचंच असं ठरवून. त्यांना माहीत होतं.

"जाहिरात मीही वाचली. दोन रात्री झोपलो नाही," ते म्हणाले. "अर्ज नाही केला. भीती वाटली, मॅडम. लागलो असतो तर?"

गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते विचारायला ते चौकशीच्या खिडकीकडे गेले. त्यांची आई गाठोड्याला पाय टेकवून बाकावर बसली होती. मी जयभीम म्हटलं तसं तिने मला शेजारी बसवून घेतलं आणि माझा हात धरला.

"तुमीच त्या पुस्तकवाल्या बाई न्हवं? त्यो सुटला हितनं, लई बरं झालं. मी कवाधरनं म्हनत हुते, जा म्हनून." मग आवाज खाली आला. "मला मातर सहाव्या मजल्यावर न्हेतोय. तितली बोली मला येत न्हाय. दार लावून बसायचं दिसभर. हितं बाजारात गेलं की धा बायका हाक मारत्यात."

त्यांना सांगितलंत का, असं मी विचारलं.

"कसं सांगू बाई? माझ्यापायी हितं अडकलो म्हनतो त्यो. मी न्हाय म्हनलं तर पुन्ना माघारी येतोय की. तुमी बी काय बोलू नगा."

सर परत आले. आई काय म्हणत होती, त्यांनी विचारलं. आईने माझा हात अजून सोडला नव्हता. मी म्हणाले, प्रवासाला निघाल्यात म्हणून खूश आहेत. त्यांनी मान हलवली, गाठोडं उचललं आणि तिला जपून पायरी चढवली.

गाडी सुटली तेव्हा खिडकीशी बसून आई हात हलवत होती, हसत होती. शेजारी बसून सर तिच्याकडे बघत होते, आणि इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा तेवढा निश्चिंत कधी पाहिला नव्हता.