आचाऱ्याचं नाक

मी कढईत नारळाचं दूध ओतलं आणि क्लास घेणाऱ्या नोईबाईंनी येऊन माझा गॅसच बंद केला. रिकामी वाटी माझ्या नाकाशी धरून त्या काहीतरी म्हणाल्या. माझ्या लेकीनं, वर्षानं, मराठीत सांगितलं, "आप्पा, दूध आंबलंय म्हणत्यात. वास आला न्हाय का तुम्हाला?"

आला नव्हता.

वर्षा पुण्यात नोकरी करते. मला आणि तिच्या आईला तिनं थायलंडला फिरायला नेलं होतं, आणि तिथं एका सकाळी हा स्वयंपाकाचा क्लास बुक केला होता. मी परंड्यात तीस वर्षं लग्नांचा स्वयंपाक करतोय. ह्या बाई मला काय शिकवणार, असं पुटपुटतच मी एप्रन बांधला होता.

खरी गोष्ट अशी, की आठ महिन्यांपूर्वी तापातून उठलो तेव्हापासून मला वासच येत नव्हता. कुणाला सांगितलं नव्हतं. अशी बातमी पसरायला परंड्यात अर्धा दिवस पुरतो. आमच्याकडं आचाऱ्याची परीक्षा येसर आमटीत होते. येसर म्हणजे डाळी, धान्य आणि मसाले भाजून केलेली पूड. भाजणं जरा पुढं गेलं की अख्खी आमटी कडू. कुठं थांबायचं ते नाक सांगतं. मी नुसता रंग बघून रेटत होतो.

"सर्दी झालीय," मी वर्षाला म्हणालो.

माझी बायको सुमन पलीकडच्या टेबलावर मिरच्या कांडत होती. मान वर न करता म्हणाली, "सर्दी न्हाय गं. त्यांना वासच येत न्हाय. दिवाळीत चिवडा करपला तवा हे शेजारीच बसलं हुतं."

"तुला ठावं हुतं? मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही तरी कुठं बोललाव?"

वर्षानं नोईबाईंना सगळं सांगून टाकलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण बाईंनी ना कीव केली ना नवल. ताजं दूध दिलं, गॅस पेटवला आणि मला डोळे मिटायला लावले. ऐका, म्हणाल्या.

आधी जाड बुडबुड्यांचा पचपच आवाज आला. मग तो बारीक होत गेला आणि तडतड सुरू झाली.

"आता तेल सुटलं," मी म्हणालो. डोळे उघडून बघितलं, तर सुटलंच होतं. हा आवाज तीस वर्षं माझ्या कानावर पडत होता. मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

निघताना नोईबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. शिजलं का ते कान सांगतील, पण नासलं का ते नाही सांगणार. त्यासाठी माणूस ठेवा.

घरी आल्यावर लग्नाची ऑर्डर द्यायला पहिली पार्टी जवळच्या सोनारी गावची आली. सुमनच्या आग्रहावरून मी वासाचं आधीच सांगून टाकलं. पाहुणे चहा पिऊन गेले आणि ऑर्डर दुसऱ्याला दिली. त्या आठवड्यात मी सुमनशी नीट बोललो नाही. दुसरी पार्टी गावातलीच, मुलीचे वडील ओळखीचे.

"मग आमटी कोण बघणार?" त्यांनी विचारलं.

"हात माझा, नाक हिचं."

"भाजून दावा."

त्यांच्यासमोर येसर भाजला. दाण्यांची तडतड मंद झाली तसा मी कढईकडं हात नेला, तेवढ्यात सुमन म्हणाली, "उतरवा." ऑर्डर मिळाली.

लग्नाच्या सकाळी पनीर आलं. दिसायला पांढरंशुभ्र. घाई होती, मी कापायला घेणारच होतो. सुमननं पिशवी उघडली आणि बाजूला ठेवली.

"हे न्हाय वापरायचं."

"अगं, पंगत बाराला हाय."

"असू दे. वास मारतंय."

मुलीच्या वडिलांनीही हुंगलं आणि पिशवीला गाठ मारली. पनीर परत पाठवलं. त्या दिवशी वांग्याची भाजी झाली. दोन पाहुण्यांनी कुरकुर केली. आजारी मात्र कुणी पडलं नाही.

वास अजून आलेला नाही. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणार नाही. आता ऑर्डर घेताना सुमन शेजारी बसते आणि पार्टी तिच्याकडं बघून बोलते. आचाऱ्याला नाक लागतंच. स्वतःचं नसलं तर घरातलं चालतं. फक्त ते कुणाचं आहे, हे पार्टीला आधी सांगावं.