सालीसकट मंडळ

नौपाड्यातल्या आमच्या मंडळाचा एक किस्सा सांगितला की ऐकणारा म्हणतो, "काहीतरीच काय!" मग त्याला खरं वाटावं म्हणून दुसरा सांगावा लागतो, आणि तो पहिल्यापेक्षा अचाट निघतो. असे किस्से साठतच गेले. मी मात्र दर वेळी तिथे हजर होतो आणि दर वेळी आ वासून उभा होतो. तेव्हा पाहिलं तसं सांगतो.

* * *

सुरुवात अण्णांच्या अंगठ्यापासून झाली. अण्णा म्हणजे आमचे मिठाईवाले. त्यांच्या जिलबीसाठी लोक कल्याणहून यायचे. पायाच्या अंगठ्याला साधी ठेच लागली, ती पावसाळा संपला तरी भरेना. शेवटी मीच त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं होत गेलं तर आहे. अण्णांचं थेट विटकरी झालं!

"मधुमेह," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शन मी देतो. पण गोड बंद. नाहीतर अंगठा कापावा लागेल, आणि अंगठ्यावर भागलं तर नशीब समजा."

अण्णा मात्र टेबलाकडे बघत होते. तिथे एक पुडी होती, अर्धी उघडलेली.

"डॉक्टर, ही जिलबी आमचीच ना?"

"अर्थात!" डॉक्टर बोटं पुसत म्हणाले. "दुसरीकडची मी खातच नाही."

* * *

अण्णा कुठल्याशा निसर्गोपचारवाल्याचं व्याख्यान ऐकून आले आणि त्यांनी जाहीर केलं, "देवाने जे जसं दिलं ते तसंच खायचं. तांदूळ कोंड्यासकट, डाळ टरफलासकट, फळ सालीसकट. साखर, मैदा आणि वनस्पती तूप घरात नको."

डॉक्टर हसले. "गवत खा हवं तर, पण इंजेक्शन सोडू नका."

एकट्याने पथ्य निभत नाही, म्हणून मी आणि कोर्टातला माझा दोस्त तात्या सोबतीला गेलो. दर रविवारी सकाळी अण्णांच्या ओट्यावर मोडाचे मूग, काकडी, पेरू, नाचणीची भाकरी. नौपाड्याने लगेच नाव ठेवलं, सालीसकट मंडळ.

पहिल्याच रविवारी तात्याने केळं सालीसकट खाल्लं. मी ओरडलोच.

"अरे तात्या, साल!"

"नियम म्हणजे नियम," तात्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाला.

पुढच्या रविवारी अण्णांनी अननस आणला. तात्या आलाच नाही.

* * *

तात्याच्या मुलीला बघायला डोंबिवलीहून मंडळी आली. आता कांदेपोहे येणार म्हणून सगळे सावरून बसले, तर बश्यांमधून आली मोड आलेली मटकी. कच्ची! वर गाजराच्या फोडी. आतल्या दारात तात्याच्या बायकोने कपाळाला हात लावला होता. पोह्यांचं पातेलं तात्याने स्वतः उचलून शेजारी देऊन टाकलं होतं म्हणे.

मुलाच्या आजोबांनी एक दाणा तोंडात टाकला आणि बराच वेळ या गालातून त्या गालात फिरवला. मला वाटलं, झालं, मोडलं लग्न! पोरीचा चेहरा बघवत नव्हता.

शेवटी आजोबांनी दाणा तळहातावर काढून ठेवला.

"मुलगी पसंत आहे. पण लग्नात हेच वाढणार असाल, तर आधी मला दात करून द्या!"

* * *

हातसडीचा लाल तांदूळ आम्ही कोलशेतच्या पांडूदादाकडून आणायचो. त्याची खाडीकाठची शेती. एकदा नेमके जेवणवेळेला पोचलो, तर त्याने हात धरूनच बसवलं. ताटं आली. ताटात पांढराशुभ्र, बारीक भात!

अण्णा चमकले. "पांडूदादा, लाल भात कुठाय?"

"तो तं तुमी नेलाव! त्याचेच पैशान् यो पांढरा आनला. पोरा लय खुश हान."

अण्णांनी ताट जरा मागे सरकवलं. तेवढ्यात पांडूदादा त्यांच्या कानाशी वाकला.

"शेट, राग नका मानू. आमची म्हातारी रोज इचारते, शेटचा धंदा बुडला का काय? लाल तांदूल खातान म्हनून!"

* * *

धंदा बुडायची वेळ मात्र खरंच आली. एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "अण्णा, पेढा ताजा आहे ना? मग एक खाऊन दाखवा." अण्णा म्हणाले, "मी नाही खात." संपलं! संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं की मालक स्वतःच्या मालाला तोंड लावत नाही, काहीतरी भानगड आहे. गणपती तोंडावर आणि दुकानात माश्यासुद्धा येईनात.

वहिनी, म्हणजे अण्णांची बायको, पदर खोचून दुकानात येऊन बसल्या. गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर एक पेढा खायचा आणि मगच तराजू उचलायचा. दुकान पुन्हा भरलं. अण्णा मात्र एक दिवस गल्ल्यावरून ताडकन उठले.

"अगं, पुरे कर! एका घरात एक अंगठा पुरे!"

* * *

एवढं करूनही अण्णांची नळी काही निळी होईना. पिवळी व्हायची आणि पुन्हा लाल. जखम तशीच. डॉक्टर चिडले, "अण्णा, चोरून खाताय!" अण्णांनी देवाशपथ सांगितलं, साखरेचा कण नाही. मी त्यांच्यासाठी भांडलोसुद्धा.

खरं काय ते वहिनींनी पकडलं. जिलबीचा पाक झाला की नाही हे अण्णा दोन बोटांत थेंब धरून, तार ओढून बघायचे. आणि बघून झालं की बोटं चाटायचे! दिवसभर, दर कढईला. जन्माची सवय, त्यांना पत्ताही नव्हता. मी इतकी वर्षं त्या कढईशेजारी गप्पा मारत बसायचो, मलाही कधी दिसलं नाही.

वहिनींनी त्या दोन बोटांना रोज सकाळी कडुलिंबाचा पाला चोळायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी अण्णांच्या किंकाळीने सगळा बाजार गोळा झाला.

त्यानंतर नळी हिरवट व्हायला लागली. तिच्या शेजारी डॉक्टरांच्या लाकडी घोडीत आणखी एक नळी नेहमी उभी असायची. कधीही बघा, विटकरी!

"ही कुणा अडाण्याची हो?" अण्णांनी एकदा ऐटीत विचारलं.

"आहे एक," डॉक्टर म्हणाले. "सांगून ऐकत नाही."

* * *

आणि मग पाडव्याच्या आधी एके दिवशी, वहिनी, तात्या आणि मी सोबत असताना, अण्णांची नळी उकळून उकळून निळीच राहिली. डॉक्टरांनी पुन्हा थेंब टाकले, पुन्हा उकळलं. निळीच! त्यांनी अंगठ्याची पट्टी सोडली. जखम भरलेली, वर नवी गुलाबी कातडी.

"वाचला अंगठा," डॉक्टर म्हणाले आणि दिवा विझवायचंच विसरले. वहिनी रडल्या. मीही रडलो.

तात्या धावत जाऊन दुकानातून पेढे घेऊन आला. आनंदाची बातमी म्हणजे पेढे, आणि ज्याची बातमी त्याच्या तोंडात पहिला पेढा. वहिनींनी पेढा अण्णांच्या ओठांपर्यंत नेलासुद्धा. आम्ही सगळे कौतुकाने बघत होतो. अण्णांनी तोंड उघडलं, आणि मग तात्या ओरडला, "वहिनी!!"

हात जागच्या जागी थांबला. अण्णांनी पेढ्याकडे पाहिलं, सकाळीच त्यांनी स्वतः वळलेला. मग तो वहिनींच्या हातातून घेतला आणि डॉक्टरांपुढे धरला.

"पहिला मान तुमचा. घ्या डॉक्टर!"

डॉक्टर चक्क मागे सरकले. "नको."

"अहो, आमच्याच दुकानचा आहे!"

डॉक्टर घोडीतल्या दुसऱ्या नळीकडे बघत राहिले. आजही ती विटकरीच होती.

"अण्णा," ते हळूच म्हणाले, "रविवारी तुमच्या ओट्यावर किती वाजता यायचं?"